गरजेशिवाय क्लिक करू नये

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर वर्षभर तीनच सूचना आलटून पालटून लागायच्या. टाकी धुणार म्हणून पाणी नाही, पाणी नाही म्हणून टँकर येणार, आणि टँकर आला होता त्याची वर्गणी द्या. एके सकाळी या तिघींच्या शेजारी चौथी सूचना लागली. टाइप केलेली, चारही कोपऱ्यांना टाचणी आणि वर चक्क जावक क्रमांक.

'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, खाली सही करणाऱ्याच्या संकेतस्थळावर ज्या जाहिराती दिसतील त्यांवर कोणीही गरजेशिवाय क्लिक करू नये. केवळ ओळखीखातर अथवा शेजारधर्म म्हणून केलेला क्लिक हा खोट्या मापाचा प्रकार समजण्यात येईल. — अ. वि. आरोलकर, निवृत्त निरीक्षक, वजने व मापे.'

बिल्डिंगमध्ये सोळा फ्लॅट, कॉम्प्युटर तीन आणि इंटरनेट दोनच घरांत. त्यातलं एक घर आरोलकर काकांचं. म्हणजे ही सूचना नेमकी कोणासाठी, हा प्रश्नच होता. पहिल्या मजल्यावरच्या देसाई वहिनींनी मला जिन्यात गाठून हळूच विचारलं, "अगं वैशाली, हे क्लिक म्हणजे काय? चावतं का?"

मला विचारायचं कारण असं, की आचोळ्यातल्या आमच्या त्या बिल्डिंगच्या खालच्या दोन गाळ्यांत मी कॉम्प्युटर क्लास चालवत असे. सहा मशीन, दोन पंखे, आणि वीज गेली की सहा मिनिटं तग धरणारी एक बॅटरी. इंटरनेट तेव्हा केबलवाल्याकडून यायचं आणि कावळा वायरवर बसला की जायचं. काकांना त्या वेबसाइटच्या नादाला लावण्यात माझाच हात होता, त्यामुळे नोटीस वाचून मी जरा अंग चोरूनच वर गेले.

आरोलकर काका मूळचे मालवणकडचे. सगळी नोकरी वजनमापे खात्यात गेली. महाड, जव्हार, पालघर, शेवटी ठाणे. दुकानात शिरायचं, तराजू तपासायचा, वजनांवरचा शिक्का बघायचा, खोटं निघालं तर जप्त करायचं. बत्तीस वर्षं हेच केलं. निवृत्त झाल्यावर खात्याने त्यांना शाल दिली, नारळ दिला. खातं मात्र त्यांच्यातून काही निघालं नाही. तुळिंजच्या बाजारात भाजीला जाताना ते पिशवीत अर्ध्या किलोचं शिक्क्याचं वजन घेऊन जात. आगाशीकडून भाजी घेऊन येणारी मालनबाई त्यांना लांबून पाहिलं की आपला तराजू आधीच रिकामा करून पुसून ठेवायची.

"काका, ते तुमचं वजन पिशवीतच राऊ द्या," ती म्हणायची. "माझ्या मापाला आजवर कुनी बोट लावला नाय."

"बोट लावलं तरच कळतं, मालनबाई," काका म्हणायचे आणि पारड्याखाली खरोखरच बोट फिरवायचे. पारड्याच्या खालच्या अंगाला चिंच चिकटवणं ही दुकानदारांची सगळ्यात जुनी युक्ती. त्यामुळे जगात काहीही संशयास्पद दिसलं की काका विचारत, "ह्यात चिंच कुठे आहे?" बँकेची नवी योजना असो, टूथपेस्टवर फुकट मिळणारा ब्रश असो की स्थळ म्हणून आलेला मुलगा.

त्यांच्या खरेपणाची सगळ्यात मोठी गोष्ट मला शालिनीकाकूंनी तांदूळ निवडता निवडता सांगितली होती. लग्नाला दोन-तीन वर्षं झाली असताना काका गणपतीला सासुरवाडीला गेले. काकूंच्या भावाचं गावात किराण्याचं दुकान. जावईबापू मोदक जेवले, आरतीला उभे राहिले, दुपारी दुकानात सहज जाऊन बसले आणि सहज पारड्याखाली बोट फिरवलं. बोटाला चिंच लागली. दुसऱ्या दिवशी ते तालुक्याला जाऊन तिथल्या निरीक्षकाच्या हातात लेखी कागद देऊन आले. त्यानंतर तीन वर्षं काकूंना माहेरचं दार बंद होतं.

"तुम्ही भांडला नाहीत?" मी विचारलं.

"कोणाशी भांडू गो? चिंच होतीच ना," काकू म्हणाल्या. "माणूस वाईट नाही हा. फक्त सारखा मोजत असतो."

काका निवृत्त झाले आणि पुण्याच्या जावयाने त्यांना आपला जुना कॉम्प्युटर पाठवून दिला. खोकं उघडल्याच्या दुसऱ्या दिवशी काका माझ्या क्लासच्या दारात हजर. पांढरा शर्ट, खिशाला पेन, हातात शंभर पानी वही. कॉलेजच्या पोरापोरींत ते पहिल्या बाकावर बसले. पहिल्या दिवशी मी म्हटलं, माउस थोडा डावीकडे घ्या. तर ते म्हणाले, "थोडा म्हणजे किती?"

महिन्याभरात शिकले मात्र. आणि मग त्यांनी आपली ट्रंक उघडली. बत्तीस वर्षं गावोगाव फिरताना त्यांनी जुन्या मापांची माहिती जमवली होती. गुंज, मासा, तोळा. छटाक, शेर, मण, खंडी. धान्याची चिपटं, मापटं, अधोली, पायली. कुठल्या तालुक्यात पायली मोठी, कुठे लहान, कुठे शीग लावून मोजत आणि कुठे सपाट. आठ वह्या भरल्या होत्या. हे सगळं इंटरनेटवर घालायचं असं त्यांनी ठरवलं आणि आम्ही दोघांनी मिळून साइट केली. मराठी पानं तर केलीच, शिवाय काकांच्या सरकारी इंग्रजीत त्यांचं भाषांतरही केलं. एक तोळा म्हणजे किती ग्रॅम, हे जगात इतक्या लोकांना रोज अडतं याची मला कल्पनाच नव्हती. नैरोबीहून एका बाईंनी आजीच्या बांगड्यांची चिठ्ठी वाचून दाखवावी म्हणून लिहिलं. काकांनी त्यांना अडीच पानांचं उत्तर पाठवलं.

माणसं येतायत असं दिसल्यावर मीच म्हटलं, "काका, साइटवर जाहिराती लावू या का? कोणी क्लिक केलं की तुम्हाला थोडे पैसे मिळतात."

"ह्यात चिंच कुठे आहे?" काका म्हणाले.

मी म्हटलं, अटी वाचा. त्यांनी त्या इंग्रजी अटींची अकरा पानं छापून घेतली आणि पोथी लावल्यासारखी तीन दिवस वाचली. लाल पेनने खुणा केल्या. चौथ्या दिवशी खाली येऊन म्हणाले, "चिंच नाही. उलट खातं आपल्यापेक्षा कडक आहे. अर्ज करू या."

नोटीस लागली ती याच वेळी. पुढच्या रविवारी टाकीच्या गळतीसाठी सोसायटीची सभा होती, त्यात चेअरमन गुजराथींनी विषय काढला, की हा काय प्रकार आहे तो एकदा समजावून सांगा. काका उभेच राहिले.

"समजा, आगाशीच्या बाजारात रस्त्याला लागून तुमची भिंत आहे. येणारे-जाणारे ती बघतात. एक पाटी लावणारी कंपनी येते आणि म्हणते, तुमच्या भिंतीवर आम्ही दुकानदारांच्या पाट्या लावतो. नुसती पाटी बघितली तर छदाम नाही. पाटी बघून जो माणूस त्या दुकानात शिरला, त्या प्रत्येक माणसामागे दुकानदार कंपनीला पैसे देणार. कंपनी त्यातला वाटा तुम्हाला देणार. दुकानात शिरणं म्हणजे क्लिक."

"आणि शिरून काही घेतलंच नाही तर?" गुजराथींनी विचारलं.

"तरी पैसे. शिरला एवढं पुरे."

"पैसे किती?"

"ते पाटीपाटीवर अवलंबून. चांगल्या भिंतीसाठी दुकानदारांची आपसात बोली लागते. माझ्या तोळ्याच्या पानाशेजारी जागा मिळावी म्हणून सोनेवाले चढी बोली लावतील. पायलीच्या पानाला कुत्रं विचारणार नाही."

गुजराथींच्या डोळ्यांत चमक आली. "मग सोपं आहे की! मी माझ्या मेव्हण्यालाच दहा वेळा आत पाठवीन आणि बाहेर काढीन."

"इथेच!" काका इतक्या जोरात म्हणाले की टाकीचा प्लंबर दचकला. "इथेच तुमची चिंच चिकटली. तो दुकानदार लांब कुठेतरी बसलाय. त्याला वाटतंय, दहा गिऱ्हाइकं आली. तो दहा जणांचे पैसे मोजतोय, आणि आला कोण? तुमचा एकटा मेव्हणा. हे खोटं माप. म्हणून मालकाने स्वतः क्लिक करायचा नाही, घरच्यांनी करायचा नाही आणि दुसऱ्याला करा म्हणून सांगायचंही नाही. सापडला तर खातं बंद."

सभेने हे शांतपणे ऐकून घेतलं आणि टाकीचा विषय पुढच्या रविवारवर ढकलला.

जाहिराती सुरू झाल्या आणि काकांचा नवा मनस्ताप सुरू झाला. कोणत्या पानावर कोणती पाटी लावायची हे कंपनीचं यंत्र पानावरचे शब्द वाचून ठरवायचं. आता काकांनी इंग्रजीत 'मण' लिहिला होता तो एम, ए, एन असा. इंग्रजी यंत्राने त्याचा अर्थ घेतला पुरुष. त्यामुळे 'एक मण म्हणजे चाळीस शेर' या ज्ञानाच्या बाजूला पुरुषांचे शर्ट, टक्कल घालवायचं औषध आणि 'तुमच्या मनातला जोडीदार आजच शोधा' अशा पाट्या झळकू लागल्या. पौंडाच्या पानावर वजन कमी करायच्या गोळ्या आल्या. काकांनी ते पान मला दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा भेसळ सापडल्यासारखा झाला होता. "मॅडम, मी पौंड कसा मोजायचा ते सांगतोय. हे म्हणतायत तो घालवायचा कसा." मग आम्ही मणाचं स्पेलिंग बदललं आणि तो जोडीदार गेला. गोळ्या मात्र शेवटपर्यंत राहिल्या.

एकदा तर फारच पेच पडला. तोळ्याच्या पानावर सोनारकामाच्या एका छोट्या काट्याची जाहिरात आली. मिलिग्रॅमपर्यंत मोजणारा. काकांना तसा काटा कित्येक वर्षं हवा होता. ते खाली आले आणि माझ्यासमोर हात जोडल्यासारखे उभे राहिले.

"मॅडम, मला काटा खरोखरच हवा आहे. म्हणजे मी खरं गिऱ्हाईक आहे. तरी क्लिक करता येणार नाही?"

"नाही. तुमची साइट आहे."

"पण गरज खरी आहे."

"अटी तुम्हीच वाचल्यात, काका."

ते वर गेले, त्या दुकानाचा पत्ता अक्षर अक्षर बघून वहीत उतरवला, परत खाली आले आणि माझ्या मशीनवर तो हाताने टाइप करून काटा मागवला. जाहिरातीला बोट न लावता.

पहिला क्लिक यायला सतरा दिवस लागले. कंपनीचा दिवस अमेरिकेच्या घड्याळावर चालायचा, त्यामुळे आदल्या दिवसाचा हिशेब आपल्याकडे दुपारी लागायचा. काका रोज तीनला बघत. त्या दिवशी ते चपला न घालताच खाली आले.

"मॅडम, एक आला."

"अरे वा! कुठल्या पानावर?"

"गुंजेच्या." त्यांनी खुर्ची ओढली. "कोणाला तरी आत्ता, या क्षणी, गुंज हवी होती. विचार करा."

मी विचार केला. मला काही सुचलं नाही, पण काकांचा चेहरा बघून बरं वाटलं.

त्यानंतर क्लिक येत राहिले. आठवड्याला दोन, कधी तीन, कधी पंधरवडाभर शुकशुकाट. ठरावीक रक्कम जमल्याशिवाय कंपनी चेक पाठवत नसे आणि या वेगाने तो चेक काकांच्या पंच्याहत्तरीला पोचला असता. त्याची त्यांना फिकीर नव्हती. असे चार-पाच महिने गेले.

मग एक दिवस ते खाली आले ते तोंड पाडूनच. हातात कागद होता.

"मॅडम, पायलीच्या पानावर रोज एक क्लिक येतोय."

"छान झालं की."

"छान नाही. रोज. रविवार सोडून. एकच, आणि दुपारी दोन ते तीनमध्ये. खरं गिऱ्हाईक इतकं नियमित नसतं. ते कधी चार येतं, कधी येतच नाही. माल मोजून येतो तेव्हा तो कोणीतरी मोजून पाठवलेला असतो."

साइटवर कोण आलं ते मोजणारा एक फुकटचा काउंटर मीच त्यांना लावून दिला होता. तो आलेल्याची वेळ आणि शहर दाखवायचा, शिवाय कोणतं विंडोज, पडदा केवढा, हेही दाखवायचा. काकांनी कागद माझ्यासमोर ठेवला. शहर मुंबई, म्हणजे आमच्या केबलवाल्याचं. विंडोज अठ्ठ्याण्णव. पडदा सगळ्यात लहान मापाचा.

"आपल्या क्लासमध्ये विंडोज अठ्ठ्याण्णव कोणत्या मशीनवर आहे?"

ते एकाच मशीनवर होतं. चार नंबरच्या. बाकीची पाच मी बदलून घेतली होती.

"चार नंबरवर दुपारी दोनला कोण बसतं?"

"बरेच जण बसतात, काका."

"मॅडम," काका म्हणाले, "बरेच म्हणजे किती?"

आता मला इथे कबुली द्यायला हवी. दुपारी दोनला क्लास रिकामा असे. आणि दीड महिन्यापासून त्या वेळेला चार नंबरवर एकच व्यक्ती बसत होती. शालिनीकाकू.

काका जेवून दोन ते तीन झोपत. त्या वेळात काकू मागच्या जिन्याने खाली यायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी पदराच्या गाठीतून फी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "मला हे शिकव. पण ह्यांना सांगू नको हं. नाही जमलं तर उगाच." मला वाटलं, नवऱ्याला चकित करायचं असेल. त्यांना माउस धरायला आठ दिवस लागले. मग त्या म्हणाल्या, मला ह्यांचं ते पान उघडून दे. मी उघडून दिलं. त्या बसून अक्षर अक्षर लावून वाचायच्या. मी माझी जेवणाची पोळी खात बाजूला असायचे. त्या आणखी काही करत असतील हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या दिवशी मी काकांना कसंबसं वाटेला लावलं. दुसऱ्या दिवशी काकू आल्या तेव्हा सरळ विचारलं.

"काकू, तुम्ही बाजूच्या जाहिरातीवर क्लिक करता का?"

"करते ना," काकू म्हणाल्या. "रोज एक. जास्त नाही करत, त्यांना संशय येईल."

"पण का?"

त्यांनी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला. "पहिला क्लिक आला होता ना, त्या दिवशी हे स्वयंपाकघरात आले. जेवायचं ताट घ्यायला नव्हे, नुसते आले. स्टुलावर बसले. कोण आला असेल, कुठल्या देशातला असेल, त्याला गुंज कशाला हवी असेल, अर्धा तास बोलत होते. चहा दोनदा घेतला. बत्तीस वर्षं माझ्या घरात खातं होतं गो. हे बाहेर काय बघून आले, काय केलं, कधी एक शब्द सांगितला नाही. सरकारी काम घरात बोलायचं नाही म्हणून. निवृत्त झाले तरी ती सवय तशीच. आणि त्या दिवशी अर्धा तास. मग आठ दिवस क्लिक आला नाही, तर हे पण आले नाहीत. पुन्हा एक आला, तर पुन्हा आले. मी म्हटलं, असं आहे होय."

मी हातातली पोळी ताटलीत ठेवली.

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," काकू म्हणाल्या. "पण रोज येऊन बसतात. परवा अधोलीचं सांगत होते. ऐकायला बरं वाटतं."

"काकू, पण ते चालत नाही हो. त्या जाहिरातवाल्याचे पैसे जातात त्यात."

"कुणाचे?" त्या एकदम दचकल्या. नोटीस त्यांनी वाचली होती, पण ते सरकारी मराठी काकांच्या बाकीच्या कागदांसारखं त्यांनी बाजूला ठेवलं होतं. मी त्यांना पडद्यावर दाखवलं. पायलीच्या पानाशेजारी भात शिजवायच्या विजेच्या कुकरची जाहिरात होती, सिंगापूरच्या कुठल्याशा दुकानाची. काकूंनी तो कुकर बराच वेळ बघितला.

"म्हणजे चोरी झाली का गो ही?" त्या म्हणाल्या. आणि मग, "त्या कुकरवाल्याला कळवता येईल का, मी मुद्दाम नाही केलं म्हणून?"

त्या मागच्या जिन्याने वर गेल्या. त्यांनी त्या दिवशी क्लिक केला नाही. मी ताटली उचलत होते तोवर पुढच्या दारातून काका आत आले.

समोरच्या चहाच्या टपरीवर ते दीड वाजल्यापासून बसले होते. नोकरीत छापा घालायच्या आधी ते असंच करत, समोरच्या टपरीवर बसून दुकानात कोण येतं-जातं ते बघत. काचेतून त्यांनी सगळं पाहिलं होतं. ऐकलं काहीच नव्हतं.

ते चार नंबरच्या मशीनसमोर उभे राहिले. पान अजून उघडंच होतं. पायलीचं चित्र, खाली मापं आणि बाजूला कुकर.

"ती इथे का येते?" त्यांनी विचारलं. आवाज निरीक्षकाचा नव्हता.

मी खोटं बोलू शकले असते. पण त्यांना मोजून विचारायची सवय होती आणि मला त्या दिवशी सगळंच सांगावंसं वाटलं. स्टूल सांगितलं, दोनदा घेतलेला चहा सांगितला, आठ दिवस न येणं सांगितलं, बत्तीस वर्षं सांगितली. ते उभ्यानेच ऐकत होते. मध्ये एकदा त्यांनी पडद्यावरची धूळ बोटाने पुसली.

"तिने कधी म्हटलं नाही," ते म्हणाले.

"तुम्ही कधी विचारलं नाही, काका."

ते खुर्चीवर बसले. बाहेर टँकर आला, बादल्यांचा आवाज सुरू झाला, संपला. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "मॅडम, कंपनीला पत्र लिहायचं आहे. मी मराठीत सांगतो, आपण इंग्रजी करा."

मी टाइप करायला बसले.

"महोदय. माझ्या संकेतस्थळावर पायली या पानावर गेल्या महिन्यात रोज एक या प्रमाणे झालेले क्लिक हे खऱ्या गिऱ्हाइकाचे नाहीत. ते माझ्या देखरेखीत झाले असून संबंधित कुकर विक्रेत्यास त्याची रक्कम परत करण्यात यावी." ते थांबले. "पुढे लिहा. सदर क्लिक मी स्वतः केले आहेत. कोणतीही सबब नाही."

माझी बोटं थांबली. "काका, तुम्ही नाही केलेत."

"लिहा."

"पण हे खरं नाही. तुम्ही काट्याच्या जाहिरातीलासुद्धा—"

"मॅडम," ते म्हणाले, "चौकशी झाली तर नाव लागतं. तिचं नाव कुठल्याही कागदावर यायचं नाही. सही माझी आहे. लिहा."

मी लिहिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, एक स्वल्पविराम बदलला आणि पाठवून दिलं. जाताना दारात वळून म्हणाले, "तिची या महिन्याची फी भरलेली आहे ना? मग शिकवत राहा. मी काही बघितलेलं नाही."

कंपनीचं उत्तर दोन दिवसांत आलं. चार ओळी, खाली कोणाचं नाव नाही. आपलं खातं बंद करण्यात येत आहे, जमलेली रक्कम जाहिरातदारांना परत जाईल. काकांनी उत्तर वाचलं आणि मान डोलावली. "चोख काम. ना चौकशी, ना ओळख, ना वशिला. आमच्या खात्यात असं कधी झालं नाही."

काकूंना त्यांनी काय सांगितलं ते मला काकूंकडूनच कळलं. संध्याकाळी ते स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "कंपनीने जाहिराती बंद केल्या. माझ्याकडून नियम मोडला गेला."

"त्यांच्याकडून!" काकू मला म्हणाल्या. "त्यांच्याकडून कसा मोडेल गो?" मग त्यांनी पदराला हात पुसले. त्यांना काय कळलं आणि काय नाही, हे मी विचारलं नाही.

साइट चालूच राहिली. जिथे जाहिराती होत्या तिथे प्रत्येक पानावर एक पांढरा चौकोन उरला होता. तो मी काढून टाकणार होते, पण राहूनच गेलं. आठ-दहा दिवसांनी काका वही घेऊन आले.

"नवं पान करायचं आहे. घरगुती मापं. चिमूट, मूठ, पसा, ओंजळ. कोणत्याही सरकारी कोष्टकात ही नाहीत."

"कशी असतील, काका? प्रत्येकाची मूठ वेगळी."

"म्हणूनच," काका म्हणाले, "नमुना एकाच हाताचा घ्यायचा."

त्यानंतरच्या शनिवारी मी काकूंची आदल्या दिवशीची वाटी परत द्यायला वर गेले. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात ओट्यावर तो सोनारकामाचा काटा मांडलेला, वारा लागू नये म्हणून खिडकी लावलेली, पंखा बंद, आणि काका स्टुलावर बसून वहीत रेघा ओढत होते. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. चिमटीत मीठ.

"आता सोड," काका म्हणाले. "हळू. काटा थरथरतो."

काकूंनी मीठ सोडलं. काकांनी आकडा वाचला, लिहिला, पारडं ब्रशने साफ केलं. "आता पुन्हा."

"पुन्हा? दोनदा झालं की."

"तीन वेळा घ्यायचं असतं. मग सरासरी. आणि कालच्या आमटीला घेतलीस तशीच घे, मुद्दाम जास्त नको. तू रोज मीठ घालताना काय बघतेस? डाळ किती आहे ते, की पाणी?"

"वास बघते," काकू म्हणाल्या.

काकांचं पेन थांबलं. "वास? तो कसा कळतो? सांग."

काकू सांगू लागल्या. गॅस बंदच होता, डाळ तशीच पातेल्यात. मी वाटी फ्रिजवर ठेवली आणि खाली आले. मी आलेली दोघांनाही कळली नाही.

मिठानंतर हळद झाली, हळदीनंतर मूठभर तांदूळ, आणि आमटी त्या दिवशी पावणेतीनला झाली. "उपाशी मारलं गो मला ह्यांनी," काकू मला म्हणाल्या. ही तक्रार त्यांनी त्या आठवड्यात माझ्याकडे चार वेळा केली.